सकाळच्या खेळातलं पुणं

मुकुंदरावांनी पुणं आयुष्यात एकदाच पाहिलं, मुलाच्या लग्नात. तेवढ्यात पुण्यानंही मुकुंदरावांना पाहून घेतलं.

झालं असं, की पंगत बसल्यावर मुलीकडच्या कुणीतरी वरपित्याला दोन शब्द बोलायचा आग्रह केला. कुंभकोणमच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस, त्याला आग्रह कशाला लागतो? उपरणं सावरून उभे राहिले आणि म्हणाले, "आम्हांस परम संतोष जाहला. कन्या आमचे घरी सुखरूप नांदेल. आपण तिळमात्र चिंता न करणें." पंगत हसली. कुणी मोकळेपणानं हसलं, कुणी पानात बघून. एक गृहस्थ मठ्ठ्याची वाटी खाली ठेवून म्हणाले, "वा, बखर जेवायला आली." मुकुंदरावही हसले. वरपिता दुसरं काय करणार? परतीच्या गाडीत मात्र गुंतकल येईपर्यंत त्यांनी मराठीचा एक शब्द तोंडातून काढला नाही. गुंतकलला इडलीवाल्याशी तेलुगूत घासाघीस केली, तेव्हा कुठे त्यांना कंठ फुटला.

आमच्या मराठीबद्दल थोडं सांगायला हवं. आमचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर इकडे आले. पुढे राज्य गेलं, राजे गेले, आम्ही मात्र शेवटची गाडी चुकलेल्या उतारूंसारखे फलाटावरच संसार मांडून बसलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. घरातली ती मराठीही आजोबांच्या आजोबांनी आणली तशीच ठेवलेली. तिला तिकडचा वारा लागू दिला नाही, फक्त तोंडी लावायला शेजारचे तमिळ शब्द घेतले. देवनागरी आम्ही स्तोत्रापुरती ओळखतो. कुणी जाडजूड मराठी पुस्तक पुढे केलं तर त्याला नमस्कार करतो आणि परत देतो.

मुकुंदरावांचा एकुलता एक मुलगा राधाकृष्ण पुण्याला सरकारी नोकरीत होता. तिथलीच शिकलेली मुलगी त्यानं केली. लग्नात तिचं नाव गोमती ठेवलं. वर्षभरात राधाकृष्णाची बदली त्रिचनापल्लीला झाली. सकाळी निघालं तर जेवायला घरी, इतकं ते जवळ. आईबापांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी होते, तोच मुलानं येऊन सांगितलं, "अप्पा, घर मिळेपर्यंत तिला तुमच्याकडे ठेवतो. तिला इकडचं रुचलं तर इकडेच राहू. नाही रुचलं तर मी परत पुण्याला बदली मागेन. मग वर्षा-दोन वर्षांतून एकदा भेट." 

म्हणजे मुलगा म्हातारपणी जवळ राहणार की लांब, हे आता सुनेच्या रुचण्यावर आलं. आणि सून पुण्याची.

"तिच्यासमोर मी तोंड कसं उघडूं?" मुकुंदरावांनी व्यंकोबाला विचारलं. व्यंकोबा म्हणजे त्यांचा बालमित्र. बाजारात त्याचं कॉफी भाजून दळून द्यायचं दुकान. बापाच्या, आजोबाच्या वेळेपासून अर्ध्या गावाला सकाळी जाग येते ती त्याच्या भट्टीच्या वासानं.

"नका उघडूं," व्यंकोबा म्हणाला. "सासरा मुका असला तर सुना खूष असतात."

देव मात्र अशा माणसांसाठी काहीतरी योजून ठेवतो. इथे त्यानं थिएटरच्या मॅनेजरची योजना केली. मणी त्याचं नाव. एका तमिळ चित्रपटाच्या सौद्यात मद्रासच्या कंपनीनं त्याच्या गळ्यात एक मराठी बोलपट मारला होता. पुण्याच्या घरातली गोष्ट, एका गाजलेल्या जुन्या कादंबरीवरून काढलेली. नाव सांगत नाही, तिकडचे लोक हळवे असतात. मणीनं तो चालवून पाहिला, काही कळलं नाही, तेव्हा तो मुकुंदरावांकडे आला. "सर, तुमच्या भाषेतला आहे. रविवारी सकाळी दहाला थिएटर रिकामंच असतं. तुमची माणसं आणा."

मुकुंदरावांनी खेळ पाहिला आणि बाहेर आले ते वेगळेच होऊन. वाचता न येणाऱ्या समाजाला कादंबरी डोळ्यांनी दिसली होती, कानांनी ऐकू आली होती. शिवाय गाणी. भाषा आणि संस्कृती एका तिकिटात. त्यांनी विठोबाच्या मठात वर्ग काढला. रविवारी सकाळी सगळ्यांनी खेळ पाहायचा, संध्याकाळी मठात त्यातला एकेक प्रसंग घ्यायचा. फळ्यावर मधोमध रेघ. डावीकडे 'भाषा', उजवीकडे 'आचार'. सासरा ओसरीवर येतो, सून आत पळते. डावीकडे तिच्या तोंडचं 'अगंबाई', उजवीकडे 'सासऱ्यासमोर सुनेनें उभें न राहणें'. सगळ्या वर्गानं एका सुरात अगंबाई म्हणायचं. आमच्यात वकील होते, तिरुभुवनमच्या रेशमाचे दलाल होते, एक निवृत्त पोस्टमास्तर होते. सगळे अगंबाई म्हणाले.

आता कुणी विचारील, की जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला गोष्ट कोणत्या काळची आहे हे कळू नये? नाही कळलं. आणि त्याचा दोष सगळाच त्यांच्याकडे जात नाही. पडद्यावर समया होत्या, आमच्याकडेही होत्या. पडद्यावर घोड्याची गाडी होती, आमच्या स्टेशनावर तीच उभी असते. पडद्यावर केशवपन केलेली विधवा होती, तशा आमच्या एका गल्लीत दोघीतिघी होत्या. कुंभकोणमच्या माणसाला त्या बोलपटात जुनं असं काही दिसण्यासारखंच नव्हतं. उलट सगळ्यांना बरं वाटलं, की पुणं अजून बिघडलेलं नाही.

एकट्या व्यंकोबाला शंका आली. "राव, लग्नास गेलों तेव्हा पोरी सायकलीवर बसून जात होत्या की. मज चांगलं आठवतं, एकीनं घंटी वाजवून मज बाजूला केलं."

"तें रस्त्यावरचं पुणं," मुकुंदराव शांतपणे म्हणाले. "हें आतलं. परक्या माणसास आतलं कोण दाखवतो? म्हणून तर बोलपट काढला त्यांनी."

"आणि लग्नात चहा दिला, तो?"

"तो पाहुण्यांसाठी. बोलपटात कोणी चहा पितो? कापी पितो? सबंध खेळात एक पेला तरी दिसला तुज?"

व्यंकोबाला पेला दिसला नव्हता. त्या बोलपटात लोक मरतात, रडतात, सून उपाशी झोपते, पण व्यंकोबाला खरा गहिवर या एका गोष्टीनं आला.

मुकुंदरावांच्या घरची मूळची रीत कशी होती, तेही सांगतो. पहाटे मुकुंदराव उठायचे, स्वतः कॉफीचं डिकॉक्शन काढायचे आणि पहिला पेला बायकोला द्यायचे. भवानीअक्का झोपाळ्यावर बसून तो प्यायच्या आणि तमिळ साप्ताहिकातली क्रमशः गोष्ट मोठ्यानं वाचायच्या. जेवायला सगळे एकाच ओळीत केळीच्या पानांवर. नवऱ्याचं काही चुकलं तर अक्का तिथल्या तिथे सांगायच्या, आणि पुष्कळ वेळा चुकायचं. सून यायच्या आधी हे सगळं पुसून टाकायचं ठरलं. कॉफीचा डबा माळ्यावर गेला, त्याच्या जागी गुळाचं पाणी आलं. बायकांची पंगत पुरुषांनंतर. मुकुंदरावांनी स्वतःच्याच घरात शिरताना खाकरायचं. भवानीअक्कांना तर पडद्यावरच्या सासूची भूमिका मिळाली.

"मी कोणाच्या लेकीवर ओरडूं?" अक्का म्हणाल्या. "मज सवय नाही."

"माझ्यावर आहे तीच वापर," मुकुंदराव म्हणाले.

गोमती आली. बी. ए. झालेली, मुलींच्या शाळेत दोन वर्षं शिकवलेली, सडपातळ आणि चटपटीत. आईनं निघताना बजावलं होतं, की फार जुन्या वळणाची माणसं आहेत, थोडे दिवस आहे, निभावून ने. तिनं दारात पाऊल ठेवलं आणि तिला दिसलं ते असं: सासरे आपल्याच ओसरीवर खाकरताहेत, सासूबाई भिंतीकडे बघून पाठ केल्यासारखं "पदर नीट घे" म्हणताहेत, आणि तिच्या हातात गुळाचं पाणी. आईनं सांगितलं ते कमीच होतं, असं मनाशी म्हणून तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि आत पळाली. 

मुकुंदराव हर्षानं व्यंकोबाकडे आले. "पाहिलंस? सांगावं लागलं नाही. अगदी पडद्यावरच्यासारखी पळाली. रक्तातच आहे त्यांच्या."

त्यानंतर त्या घरात जे चाललं त्याला संसार म्हणायचं की तालीम, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बोलपटात सून रोज दुपारी सासूचे पाय चेपते. अक्कांच्या तळपायाला बोट लावलं की गुदगुल्या होतात, हे सबंध नातेवाइकांना ठाऊक आहे. सून मान खाली घालून पाय चेपायची आणि अक्का तोंडात पदर कोंबून, डोळ्यांतून पाणी काढत, मधूनच "नीट" म्हणून दरडावायच्या. गोमतीला वाटायचं, सासूबाईंना पायांचं भयंकर दुखणं आहे. ती आणखी जोरानं चेपायची.

कॉफीवाचून मात्र कुणाचं चालेना. मुकुंदराव पहाटे कावेरीवर स्नानाला म्हणून निघायचे आणि व्यंकोबाच्या दुकानामागे बसून दोन पेले प्यायचे. अक्का फुलं आणायला म्हणून शेजारच्या शिवकामीच्या स्वयंपाकघरात जायच्या. दोघांनाही वाटायचं, की आपण तेवढे पापी, दुसरं माणूस व्रत पाळतंय. मधल्या घरात ती पुण्याची मुलगी तांब्याभर गुळाचं पाणी घेऊन बसायची, आणि दोन्ही बाजूंनी वास यायचा.

महिना होत आला. राधाकृष्ण एका रविवारी येऊन गेला. बायको वाळलेली, बोलेनाशी झालेली. तिला विचारलं तर "ठीक आहे" म्हणाली. एवढं एक वाक्य मुलगा पुण्यात राहून शिकला होता, की बायको ठीक आहे म्हणाली तर ठीक नसतं. निघताना बापाला म्हणाला, "अप्पा, तिला नाही रुचत इथे. मी साहेबांशी बोलतो. शनिवारी येऊन काय ते सांगतो."

मुकुंदराव त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी व्यंकोबाला म्हणाले, "काय राहिलं सांग. जें जें पडद्यावर पाहिलं तें तें केलं."

"थोडं कमी करून पाहा," व्यंकोबा म्हणाला.

"औषध लागत नाहीं म्हणजे मात्रा उणी पडते," असं म्हणून मुकुंदरावांनी मात्रा वाढवली. शुक्रवारी कसलीतरी सुटी होती. त्यांनी मणीला गाठून सकाळचा जादा खेळ लावून घेतला, सगळ्या वर्गाला बोलावलं आणि सुनेलाही नेलं. तिच्या गावचा, तिच्या घरासारखा बोलपट. पाहून तिला माहेर भेटल्यासारखं होईल, आणि आपण तिच्यासाठी किती केलं हेही तिला दिसेल. संध्याकाळी मठात तिला मानाची जागा दिली. म्हणजे बायकांच्या बाजूला एक चटई, आणि पुढे पडदा. पडदाही त्यातच पाहून शिवलेला.

त्या दिवशीचा प्रसंग होता, सून जेवायला बसते आणि सासू तिच्या पुढ्यातलं ताट ओढून घेते. मुकुंदरावांनी फळ्यावर डावीकडे काही लिहिलं, उजवीकडे लिहिलं 'संयम'. मग खडू खाली ठेवून, सून आल्यापासून पहिल्यांदाच, सरळ तिला विचारलं. "सूनबाई, तुम्ही प्रत्यक्ष तिथल्या. आम्ही दुरून शिकलेले. कोठें चुकत असेल तर सांगावें."

पडदा थोडा हलला. मग गोमतीनं तो बाजूला सारला आणि उभी राहिली.

"मामंजी, ही कादंबरी मला कॉलेजात अभ्यासाला होती," ती म्हणाली. "पुस्तकात या ताटानंतर ती मुलगी विहिरीत उडी टाकते."

"खेळात तर गाणं म्हणते," व्यंकोबा म्हणाला.

"हो. त्यांनी विहीर काढली आणि गाणं घातलं. शेवटी सासूला रडवून सगळ्यांना एकत्र जेवायलाही बसवलं. पुस्तकात तसं काही नाही. ज्यानं ते लिहिलं त्यानं साठ-सत्तर वर्षांपूर्वी लिहिलं, आणि लोकांनी असं वागायचं सोडावं म्हणून लिहिलं. तुम्ही ते शिकायचं म्हणून फळ्यावर उतरवलंय."

पोस्टमास्तरांनी पाटीवर 'संयम' लिहून घेतलं होतं, ते त्यांनी हळूच बोटानं पुसलं.

मुकुंदरावांनी विचारलं, "म्हणजे पुण्यास हें चालत नाहीं?"

"माझी आई शिवणाचा क्लास चालवते. क्लास सुटला की बाबा तिला आणायला जातात."

"मग तूं हें सगळं कां केलंस? पळणं, पाय चेपणं?"

"मला वाटलं, तुमच्याकडची रीत आहे."

"आम्हांस वाटलं, तुमच्याकडची," मुकुंदराव म्हणाले.

व्यंकोबानं घसा साफ केला. "म्हणजे दोहींकडे कोणाचीच नव्हती, आणि महिनाभर सर्वांनी पाळली. आपल्या लोकांना उगीच आळशी म्हणतात."

मागून एक विचित्र आवाज आला. भवानीअक्का तोंडातला पदर काढून हसत होत्या, महिनाभराचं साठलेलं. "अगो, माझ्या पायास दुखणं बिखणं काहीं नाही," त्या म्हणाल्या. "गुदगुल्या होत होत्या."

"आणि रोज फुलांना जाऊन परडी रिकामी आणता, ते?" गोमतीनं विचारलं. "तोंडाला कॉफीचा वास घेऊन?"

अक्कांचं हसू थांबलं. मुकुंदरावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं, आणि कावेरीवरचं एवढं लांबलेलं स्नान तिच्याही लक्षात आलं.

अशा वेळी शहाणा माणूस चूक कबूल करून घरी जातो. मुकुंदराव मास्तर होते. त्यांनी फडक्यानं उजवी बाजू पुसली, डावी तशीच ठेवली, आणि म्हणाले, "ठीक. आचार चुकला. परंतु बोलपटाचा शेवट बरवा आहे. सासूस पश्चात्ताप होतो, तो व्हावाच. पुस्तक लिहिणारानें तो ठेवला नाहीं ही त्याची चूक."

"त्याची चूक?" गोमती म्हणाली. "अहो मामंजी, सासूला रडवलं की लोक रुमाल भिजवून घरी जातात आणि घरी जाऊन तसंच वागतात. विहीर बघितली की झोप लागत नाही. त्याला ती झोपच मोडायची होती."

"माणूस सुधारतो हें दाखवूंच नये की काय?"

"दाखवा ना. आधी त्याला कारण तर द्या. एका गाण्यात सुधारतो कुणी?"

"तूं हट्टी आहेस."

"तुम्ही पुस्तक न वाचता बोलताय."

बोलता बोलता मुकुंदराव पडद्यावरची मराठी विसरले. 'न करणें', 'जाहलें', 'मज ऐसें वाटतें', मध्येच तमिळ, सगळं त्यांच्या नेहमीच्या वेगानं सुटलं. सून हसली नाही. तिला हसायला सवड नव्हती, ती पुढचं उत्तर जुळवत होती. वर्ग एकेक करून जेवायला गेला. व्यंकोबानं दिवा मालवायची परवानगी मागितली, ती कुणी ऐकली नाही. शेवटी दोघं भांडतच रस्त्यानं घरी गेले, सासरा डाव्या अंगाला, सून उजव्या, दोघंही हात हलवत, आणि मागून भवानीअक्का चपला हातात घेऊन.

शनिवारी राधाकृष्ण आला. मला तो कोपऱ्यावर भेटला, म्हणून त्याची पिशवी घेऊन मीही बरोबर गेलो. घरातून चढलेले आवाज रस्त्यापर्यंत येत होते. त्याचा चेहरा उतरला. आत पाहिलं तर गोमती ओसरीच्या खांबाला टेकून बसलेली, डोक्यावर पदर नाही, आणि समोर मुकुंदराव मांडी ठोकून काहीतरी सिद्ध करताहेत.

"मी साहेबांशी बोलून आलो," राधाकृष्ण तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला. "पुण्याची जागा रिकामी आहे. तू हो म्हणालीस की सोमवारी सांगतो."

"थांबा जरा," ती म्हणाली. "यांचं म्हणणं, सासू मुळात चांगली होती आणि परिस्थितीनं तशी झाली. पुस्तकात तसं एक अक्षर नाही. मी आईकडून ते मागवतेय, सगळं वाचून दाखवणार आहे यांना. यांना देवनागरी लावून वाचायला वेळ लागतो, म्हणून दर शनिवारी येऊन मीच वाचणार. दर दोन ओळींना हे अडवणार. नाही म्हटलं तरी वर्ष जाईल. तुम्ही त्रिचनापल्लीतच घर बघा."

"म्हणजे तुला इथलं रुचतंय?"

"रुचतंय कुठलं? इतकी चुकीची मतं असलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही."

राधाकृष्णानं बापाकडे पाहिलं. मुकुंदरावांनी काही ऐकलंच नाही असा चेहरा करून उपरणं झटकलं, पुन्हा खांद्यावर टाकलं, आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाकडे बघत म्हणाले, "राधाकृष्णा, घर पाहशील तें स्टेशनानजीक पाहा. शनिवारची गाडी हिची चुकतां कामा नये. मुद्दे माझे सर्व तयार आहेत."